दोरी वेळेवर टाकणारा

समाधान म्हणजे काय, हे या पृथ्वीतलावर एकाच माणसाला नीट कळलं आहे आणि तो माझा थोरला साडू आहे. साधुसंतांनाही कळलं असेल, पण त्यांना त्यासाठी घरदार सोडावं लागलं. आमच्या साडूंना ते जुन्या जालन्यातल्या स्वतःच्या घरात, पाठीशी लोड आणि हातात व्हिडिओ गेमचा कंट्रोलर घेऊन कळलं. साडू साठीला टेकले आहेत. कापडाचे व्यापारी आहेत. अंगानं भारदस्त, आवाजानं त्याहून भारदस्त. मुलगा नोकरीला पुण्याला गेला तेव्हा त्याची गेम खेळायची पेटी टीव्हीखाली राहून गेली. साडूंनी ती पुसायला म्हणून हातात घेतली, ती आजतागायत खाली ठेवलेली नाही.

सुट्टीच्या दिवशी चहा-नाश्ता झाला की साडू हातपाय धुऊन, स्वच्छ बनियन घालून गादीवर येतात आणि कंट्रोलर मलमलच्या तुकड्यानं पुसतात. मलमल दुकानातली, उत्तम प्रतीची. मग खेळ सुरू होतो. गोळीबाराची त्यांना हौस नाही. त्यांना हवा असतो क्षण. जंगलात हिंडता हिंडता खजिन्याची पेटी सापडली, तर दुसरा माणूस धावत जाऊन ती उघडेल. साडू आधी तिच्याभोवती एक चक्कर मारतात, लांबून पाहतात, जवळून पाहतात आणि मग स्वयंपाकघराकडे तोंड करून हाक देतात, "अगं, जल्दी बाहेर ये, पेटी सापडली!" आमची मेहुणी, जिला मी ताई म्हणतो, कणकेच्या हातानं दारात येते. पेटी उघडते, उजेड फाकतो. "काय निघालं?" ताई विचारते. "दोरखंड!" साडू अभिमानानं सांगतात. "माळ्यावर दोन पडलेत," म्हणून ताई परत पोळ्यांकडे जाते. साडूंच्या चेहऱ्यावरचं तेज तसूभर कमी होत नाही.

या पेट्या-मडक्यांचा त्यांच्या मनावर इतका परिणाम झाला आहे की एकदा आम्ही भोकरदनला लग्नाला गेलो असता, बाजारात कुंभारानं मांडलेल्या माठांच्या रांगेपुढे ते थबकले. खेळात मडकं फोडलं की आतून हमखास काहीतरी निघतं. साडूंनी हातातली छत्री नकळत उलटी धरली. मी दंड पकडला, तेव्हा भानावर येऊन म्हणाले, "फोडत न्हाई हो. पण एखाद्यात काही असंल, असं वाटून राह्यलं."

दुसरं समाधान मरता मरता वाचण्याचं. अंगात जीव केसाएवढा उरलाय, मागे राक्षस लागलाय आणि अचानक कोपऱ्यात औषधाची बाटली दिसते. ती पिऊन झाल्यावर साडू असा काही सुस्कारा सोडतात, की एकदा शेजारच्या काकू रक्तदाब मोजायचं यंत्र घेऊन आल्या होत्या. तिसरं समाधान जुनी ओळख काढण्याचं. एका खेळात सुरुवातीलाच एक लांडगा त्यांना मारून टाकायचा. पुष्कळ दिवसांनी, चिलखत, तलवार आणि अंगात बळ कमावून ते मुद्दाम त्या रानात परत गेले. लांडगा गुरगुरत आला, चावू लागला. साडूंना काही होईना. त्यांनी तलवारही उपसली नाही. नुसते उभे राहिले आणि टीव्हीला म्हणाले, "ओळखलंस का बेट्या?" मग मागे न बघता निघून गेले. त्या दिवशी त्यांनी मला दोन वेळा चहा पाजला.

याचं शास्त्रही त्यांनी बांधलं आहे. ते म्हणतात, "हे बघा, जिंदगीत काम झालं हे सांगणारा आवाजच न्हाई. गिऱ्हाईक कापड घेऊन जातं, मंग ते शिवतं का चिंध्या करतं, आपल्याला काय पत्ता? खेळात कसं, बराबर चावी लावली की दार उघडतंच. आन् वर वाजतं, टिंग!" ही उणीव साडूंनी स्वतःपुरती भरून काढली आहे. कापडाच्या थानाची घडी सरळ बसली की ते तोंडानं "टिंग" करतात. बँकेत पासबुक भरून मिळालं की "टिंग". भोकरदनच्या त्याच लग्नात नवऱ्या मुलानं मंगळसूत्र बांधलं तेव्हा, अक्षता टाकून मंडळी शांत झालेली असताना, तिसऱ्या रांगेतून स्पष्ट आवाज आला. भटजींनी चष्म्यावरून पाहिलं. साडूंनीही मागे वळून पाहिलं, जणू आवाज चौथ्या रांगेतून आला.

अशा या समाधानी माणसाच्या घरी गेल्या दिवाळीत मुलानं एक नवा खेळ आणला. दोन वाटसरू डोंगरदऱ्यांतून घरी निघालेत. खेळाची गोम अशी, की तो एकट्याला खेळताच येत नाही. एकानं दोरी धरायची, दुसऱ्यानं उडी मारायची. आईबाबा मिळून खेळतील, असा पोराचा भाबडा हिशेब. ताई दोन दिवस बसली. पण ऐन उडीच्या वेळी तिला कुकरची शिट्टी ऐकू यायची आणि वाटसरू दरीत जायचा. मग नवीन जालन्यात माझ्या घरी बोलावणं आलं. पहिल्या ओढ्यापर्यंत आमचं बरं चाललं. पुढे एक तुटका पूल होता. साडू झेप घ्यायचे, मी दोरी टाकायचो, ती त्यांच्या डोक्यावरून जायची आणि ते अदृश्य व्हायचे. संध्याकाळी त्यांनी माझ्या हातातून कंट्रोलर हळूच काढून घेतला. "तुम्ही माणूस चांगले," ते म्हणाले, "पण दोरी वेळेवर टाकत न्हाई."

तेव्हा ताई कोथिंबीर निवडता निवडता म्हणाली, "धाकट्या भाऊजींना बोलवा. त्यांना जमंल."

साडूंना एक सख्खा धाकटा भाऊ आहे. दोघं वडिलांच्या दुकानात एका गादीवर बसायचे. धाकट्याचं म्हणणं होतं, आता कापड शिवून घालतं कोण, रेडीमेड ठेवू. साडूंचं म्हणणं, बापानं थानं विकली, आपणही थानंच विकू. एक दिवस भर दुकानात, गिऱ्हाइकांसमोर, साडू त्याला म्हणाले, "तुला एवढं कळतंय तर जा, आपलं वेगळं कर." धाकट्यानं खुंटीवरची गाडीची किल्ली घेतली आणि तो गेला. नवीन जालन्यात त्यानं रेडीमेडचं दुकान काढलं, चाललंही छान. तेव्हापासून लग्नकार्यात दोघं वेगवेगळ्या पंगतीला बसतात. बायका एकमेकींकडे जातात, पोरं जातात. हे दोघं जात नाहीत.

साडूंनी सरळ फोन उचलून धाकट्याला लावला. मला वाटलं, आता घसा खाकरतील, प्रस्तावना करतील. तसं काही नाही.

"हां. मी बोलून राह्यलो," ते म्हणाले. "तो पूल पार होऊन न्हाई राह्यला."

पलीकडून धाकट्यानं विचारलं, "कोण्ता पूल?"

"ये तं. दिसंल."

दुसऱ्याच दिवशी दुपारी धाकटा आला. हेल्मेट काढायचंही विसरला होता. ताईनं पाणी दिलं, ते तो हेल्मेटची काच वर करून प्यायला. मग दोघं भाऊ गादीवर बसले. मध्ये एक माणूस बसेल एवढी जागा ठेवून. मी मागे खुर्ची घेतली.

"पळ. थांब. आता डावीकडं," साडू म्हणायचे. "दिसून राह्यलं मला," धाकटा म्हणायचा. ओढा झाला, कडा झाला. लहानपणी दोघं मिळून एकच पतंग उडवायचे, असं ताई सांगते. ते दिसत होतं. एकानं श्वास घेतला की दुसऱ्याचा अंगठा हलायचा. पुलाशी आले. या वेळी उडी धाकट्याची होती आणि दोरी साडूंच्या हातात. धाकट्यानं झेप घेतली. साडूंनी दोरी टाकली, बरोबर त्याच्या हातात. तो दरीवर लोंबकळू लागला.

"सोडू नको, दादा."

"मी कधी सोडलं होतं?" साडू टीव्हीकडे बघतच म्हणाले. "सोडून तू गेल्तास."

"मी गेल्तो न्हाई. तू जा म्हणाल्तास."

साडूंचा अंगठा ढळला. दोरी सुटली आणि धाकटा खाली गेला. दोरीच्या दुसऱ्या टोकाला बांधलेले साडूही त्याच्यामागे गेले. पडदा काळा झाला. मला उठून कुठंतरी जावंसं वाटलं.

मग पडद्यावर पुन्हा उजाडलं. तोच पूल, तीच दरी, आणि काठावर दोघं शेजारी शेजारी उभे, कपड्यांना धूळसुद्धा नाही. साडू त्या दोघांकडे बघत राहिले.

"असं पायजे होतं," ते हळूच म्हणाले. "दुकानात."

धाकट्यानं हेल्मेट काढून बाजूला ठेवलं. "चल," तो म्हणाला. "परत मीच मारतो उडी. तू घाई करू नको."

या वेळी पूल पार झाला. दोघं पलीकडच्या काठावर पडले, तेव्हा साडूंनी धाकट्याच्या गुडघ्यावर एक जोरदार थाप मारली. थाप मारलेला हात त्यांनी बऱ्याच वेळानं उचलला. ताईनं चहाबरोबर भजी तळली आणि ती दोघांनी एकाच ताटलीतून संपवली. दुकानाचा विषय त्या दिवशी परत निघाला नाही. त्यानंतरही निघालेला नाही. जुन्या जालन्यात थानं विकली जातात, नवीन जालन्यात रेडीमेड.

पण सुट्टीच्या दुपारी धाकटा येतो. खेळ उन्हाळ्यापूर्वीच शेवटाला आला. वाटसरूंचं घर समोर दिसतं, खिडकीत दिवा लागलेला आहे, अंगणाचं फाटक ढकललं की संपलं. ते फाटक अजून कोणी ढकललेलं नाही. कधी साडूंना नदीवर मासे धरायचे असतात, कधी धाकट्याला टेकडीमागचं एखादं झाड पाहायचं राहिलेलं असतं. ऊन उतरलं की धाकटा गाडीची किल्ली उचलतो आणि म्हणतो, "आज न्हाई झालं दादा. पुढच्या खेपेला करू."

"हां," साडू म्हणतात, "घाई काय?"

आणि गाडीचा आवाज गल्लीच्या टोकाला पोचेपर्यंत टीव्ही तसाच चालू ठेवतात.