शेजारून दिसणारी अक्षरं

घरून काम करण्यासाठी मॉनिटर घ्यायला गेलो, तेव्हा दुकानदाराने मला दोन मॉनिटरच्या अगदी बाजूला उभं केलं. तिथून एकावरची अक्षरं फिकट दिसत होती, दुसऱ्यावरची स्वच्छ.

"शेजारी कोणी बसणार असेल तर हा दुसरा घ्या," तो म्हणाला. "एकटेच असाल तर साधा चालेल, सर."

मी एकटाच असतो. दिवसभर हेडफोनमधून कानात माणसांचे आवाज असतात, खोलीत कोणी नसतं. तरी तसं सांगवेना. शाळेत असताना मी गृहपाठ करायचो, तेव्हा आई शेजारी बसून राहायची. तिला वाचता येत नव्हतं. पण माझी वही ती बाजूने निरखत असायची. माझ्या पदवीत तिचं ते बसणं आहे.

मी दुसरा घेतला आणि घरी येऊन गावी आईला फोन केला. "माझं काम बघायला ये की एकदा."

"मला त्यातलं काय कळणार रे?"

"तेव्हा तरी कुठे कळायचं? बसायचीसच ना."

ती हसली. "आणि म्हशीची धार कोण काढेल?"

फोन ठेवल्यावर मी टेबल भिंतीपासून सरकवलं, शेजारी आणखी एक खुर्ची मावेल इतकं.