भूमिदेवाचं नेटवर्क कार्ड

कॉम्प्युटरच्या पेटीत हवा मारण्याआधी कॉम्प्रेसरच्या टाकीत साचलेलं पाणी काढून टाकायचं असतं, हे आखुन गावभर सांगत फिरायचा. त्या सकाळी नेमका तोच विसरला. श्योलान काकूच्या मोज्यांच्या कारखान्यातला जुना कॉम्प्युटर त्यानं उघडला, आतला धाग्यांचा भुसा उडवायला नळी धरली आणि कळ दाबली. भुसा उडाला, पण मागोमाग पाण्याची पिचकारीही उडाली. पुसून-वाळवून कॉम्प्युटर सुरू झाला खरा, पण नेटवर्कची वायर लागते तिथला हिरवा दिवा काही पुन्हा लागला नाही.

आणि त्या वायरीवरच सगळं चालायचं. मोज्यांची नक्षी कॉम्प्युटरवर काढायची आणि वायरीतून विणयंत्रांना धाडायची. दुपारी तायपेहून खरेदीदार येणार होता, शाळेच्या मोज्यांचा नमुना बघायला. ही ऑर्डर गेली तर यंत्रं भंगारात घालून घरी बसेन, असं काकू नवरा गेल्यापासून दर वर्षी म्हणायची. यंदा मात्र भंगारवाला येऊन यंत्रांची मापं घेऊन गेला होता.

काय झालं म्हणून तिनं विचारलं तेव्हा आखुननं कॉम्प्युटरकडे बघूनच उत्तर दिलं, "वय झालं त्याचं."

"वय माझंही झालंय. मी चालतेय ना?"

आखुनचं पूर्ण नाव श्याव मिंग-खुन, त्यातलं श्याव हे आडनाव. शथौ गावात दगड भिरकावला तर तो एखाद्या श्यावलाच लागायचा आणि तो श्याव कुठल्या ना कुठल्या मोजे कंपनीचा चेअरमन निघायचा. चेअरमन नसलेले जे थोडे श्याव उरले, त्यांतला हा एक. युआनलिनच्या तांत्रिक शाळेत शिकला, तायपेत काही वर्षं नवे कॉम्प्युटर विकले आणि आईच्या बागेत पेरूंना पिशव्या बांधायला माणूस नाही असं सांगून परत आला. पिशव्या अजून आईच बांधते. यानं स्टेशनसमोर दुरुस्तीचं दुकान टाकलं. नक्षीचे प्रोग्राम नव्या कॉम्प्युटरवर चालत नाहीत, म्हणून मोजेवाले नवं काही घेत नाहीत आणि जुन्याला मरू देत नाहीत. या दोहोंच्या फटीत आखुनचं पोट भरतं.

दुकानात नवी नेटवर्क कार्डं होती, पण ती काकूच्या कॉम्प्युटरच्या जुन्या, लांबोड्या खाचेत बसेनात. तसलं कार्ड कुठं आहे हे त्याला ठाऊक होतं. शेतांच्या कडेला भूमिदेवाचं देऊळ आहे. देवापुढं दिवे लावणाऱ्या भक्तांची नावं ज्या कॉम्प्युटरवर टाइप व्हायची, तो तिथल्या मागच्या खोलीत चादरीखाली बंद पडून होता. देवळाची व्यवस्था त्साय-फा काकांकडे. आखुन स्कूटरवरून पोचला तेव्हा ते पारावर शेंगा सोलत बसले होते.

"माझी ना नाही, पण वस्तू देवाची," काका म्हणाले. "कौल लाव."

आखुननं चंद्रकोरीसारखे दोन्ही लाकडी कौल हातात धरले. नाव, जन्मतारीख, पत्ता सांगितला. ओळखीतला एक कॉम्प्युटर बिघडलाय, कार्ड कायमचं मिळावं, असं म्हणून कौल टाकले. दोन्ही उताणे पडले.

"देव हसतोय, हो नाही आणि नाहीही नाही," काकांनी शेंगेवरची नजर न काढता सांगितलं.

दुसऱ्यांदा दोन्ही पालथे. म्हणजे साफ नकार.

"बिघडला म्हणजे कसा, ते सांगितलंस का रे?"

"देवाला काय करायच्यात चौकश्या?"

"माझ्या दारात कुणी मागायला आलं तर मीही विचारतो."

आखुननं इकडंतिकडं बघितलं, उदबत्त्यांच्या अगदी जवळ सरकला आणि कॉम्प्रेसरची हकीकत पुटपुटला. या खेपेला एक उताणा, एक पालथा. कौल उजवा पडला. देवाला ऐकू गेलं ते गेलंच, काकांचे कानही त्या वयाच्या मानानं फार चांगले होते.

आखुन कारखान्यात परतला तेव्हा काकू दारातच उभी होती. हातात फोन.

"पाणी काढायचं राहिलं म्हणे," ती म्हणाली.

त्यानं स्क्रू-ड्रायव्हर काढला. वीज तोडली. अंगातली स्थिर वीज उतरावी म्हणून पेटीच्या उघड्या पत्र्याला हात टेकवला. मागची पट्टी काढली, कार्डाच्या पिवळ्या दातांवरची काजळी खोडरबरानं घासली आणि दोन्ही अंगठ्यांचा सारखा दाब देऊन कार्ड खाचेत बसवलं. कॉम्प्युटरनं पाहुण्याची दखल घेतली, ड्रायव्हर मागितला. तो आखुनच्या पिशवीतल्या चरे पडलेल्या सीडीवर निघाला. हिरवा दिवा लागला.

पण कार्ड बदलल्यामुळे नक्षीच्या प्रोग्रामनं यंत्रांची जुनी यादी टाकून दिली होती. आखुन यंत्रांवर चिकटवलेले आकडे बघत एकेकाचा पत्ता भरत गेला. एक, दोन, तीन, पाच, सहा, असं पुढं. चारचा उच्चार मरणासारखा, म्हणून तो आकडा गावात कुणीच लावत नाही. दवाखान्याच्या लिफ्टमध्येसुद्धा चारचं बटण नाही.

काकूनं नमुन्याच्या यंत्राला, म्हणजे पाच नंबरला, पिवळ्या बदकांची नक्षी धाडली. पाच नंबर ढिम्म. शेजारच्या सहा नंबरावर म्हाताऱ्यांचे करडे मोजे लागले होते. ते खडखडत उठलं आणि करडी बदकं विणू लागलं.

"देवाचं कार्ड," काकू म्हणाली. "जाईल तिकडं त्याच्या मर्जीनं."

आखुननं वायर काढून परत लावली. कार्ड काढून परत बसवलं. बदकं करडीच. खरेदीदाराचा फोन आला, तो युआनलिनपर्यंत पोचला होता. काकू स्टुलावर बसली आणि पाच नंबरकडे बघत राहिली. मग हे आकडे नवऱ्यानं हयातीत चिकटवलेत, असं काहीसं सांगू लागली. यंत्रं बसवायला इटलीचा माणूस आला होता. त्यानं एकापासून सरळ आकडे रंगवले, चारसकट. नवऱ्यानं दिवसभर त्याच्याशी हातवारे करून भांडण केलं आणि तो गेल्यावर सगळे आकडे खरवडून काढले.

"बाहेरून खरवडले ना?" आखुननं विचारलं.

"मग? आत शिरून कोण खरवडणार?"

म्हणजे यंत्रांच्या पोटात अजून इटलीवाल्याचेच आकडे होते, चारसकट. तो पुन्हा यादीपुढं बसला. पाच नंबरच्या यंत्राचा पत्ता खोडला आणि तिथं चार टाकायला बोट उचललं. बोट कळीवर अडून राहिलं.

"टाक," काकू म्हणाली. "मी बघत नाही." आणि खरंच पाठ फिरवून उभी राहिली.

पाच नंबर घरघरलं. थोड्या वेळानं नळीतून पिवळ्या बदकांचा छोटा मोजा पडला, मग दुसरा. पुढच्या यंत्रांचे पत्तेही त्यानं एकेक घर मागं सरकवले.

खरेदीदारानं मोजा ताणून पाहिला, मूठ आत घालून पाहिली, चहा घेतला आणि पहिलीच्या मुलांपुरती ऑर्डर दिली. उरलेल्या वर्गांचं नंतर बघू, म्हणाला. भंगारवाल्याला काकूनं फोनवर एवढंच सांगितलं की मापं जपून ठेव. जाताना खरेदीदारानं नमुन्याचा एक मोजा बरोबर नेला.

दुसरा काकूनं आखुनच्या खिशात कोंबला. पाणी तूच घातलंस, तेव्हा मजुरी कसली, पण रिकाम्या हातानं जाऊ नकोस, असं तिचं म्हणणं पडलं.

"एकच?"

"जोडीचा नंतर देते."

तो मोजा आखुनच्या अंगठ्यापलीकडं चढत नाही. तरी कारखान्यावरून जाताना तो स्कूटर थांबवून जोडीच्या मोज्याची आठवण करून देतो. पाच नंबरला ऑर्डरपुढं सवड नाही, असं काकू आतूनच सांगते.