जरा थांबा, हलू नका

१९५८ साली पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आईचा फोटो काढला. तीन रुपये ठरले. हजर मी, धाकटा भाऊ आणि मुरुम गावच्या स्टुडिओत फोटोग्राफी शिकणारा विशीतला एक पोरगा. आई पहाटेच गेली होती. तिचा एकही फोटो नव्हता, म्हणून तिला भिंतीला टेकवून बसवलं होतं.

त्या पोराला मी बाजारात नेहमी बघायचो. फोटो उतरायची काच महाग, म्हणून तो रिकाम्या कॅमेऱ्यावर सराव करायचा. म्हशीलासुद्धा म्हणायचा, "जरा थांबा, हलू नका."

त्या दिवशी कॅमेऱ्याच्या काळ्या कापडाखालून तो हळूच म्हणाला, "आजी, जरा थांबा, हलू नका." भाऊ चिडला. मला रागवावं की नाही, कळेना.

तेराव्यानंतर तो फोटो घेऊन आला. "काका, इतकं साफ मला कधीच जमलं न्हाय. अजून एक प्रत मला काढू द्या. सोलापूरला काम मागताना दाखवतो."

"माझ्या आईचं मढं दाखवणार?"

"मढं कुठं दिसतंय? बघा की."

मी बघितलं. कुणी थांबायला सांगितलंय म्हणून थांबावं, तशी आई बसली होती.

स्टुडिओच्या मालकाला ठरलेले तीन रुपये दिले. दुसऱ्या प्रतीचा एक रुपया वर दिला आणि ती प्रत त्या पोराला दिली.