सगळी औषधं पिशवीत घालून आणा

औषधाला एक्स्पायरी डेट असते, किश्शांना नसते. जुळे सोलापुरात माझं मेडिकल आहे आणि दुकानातल्या गोळ्यांपेक्षा माझ्याकडे किस्सेच जास्त साठलेत. त्यात काउंटरमागे बाई दिसली की पहिला प्रश्न ठरलेला, "मालक न्हाईत का?" मीच मालक आहे म्हटलं, तरी माणूस माझ्या खांद्यावरून आत डोकावून खात्री करून घेतो.

मध्यंतरी मी एक उद्योग अंगावर घेतला. बीपी-शुगरच्या नेहमीच्या गिऱ्हाइकांना सांगितलं, रविवारी सकाळी घरातली सगळी औषधं पिशवीत घालून आणा, कोणती कधी आणि कशी घेता ते एकदा बघू. पहिल्याच रविवारी सगळ्यांच्या आधी हजर झाले इनामदार साहेब. बँकेतून मोठे अधिकारी म्हणून रिटायर झालेले, शर्टाला कडक इस्त्री. सोबत त्यांच्या पत्नी, शैलाकाकू. काकूंची शुगर एकदम उतरायला लागली होती. दोनदा गॅससमोर चक्कर येऊन पडल्या होत्या. दोन्ही वेळा जाळ थोडक्यात चुकला होता.

"तुमच्या गोळ्या डुप्लिकेट असणार," साहेब म्हणाले. "आधी बाकीच्यांचं उरकून घ्या. मग निवांत बोलू." आणि ते स्टुलावर बसले. काकू उभ्याच होत्या, त्यांना मी आतली खुर्ची दिली.

*

त्यांच्यानंतर आले मोडनिंबचे तात्या, इथे मुलाकडे राहतात. पिशवीत शुगरच्या गोळ्यांची पाकिटं जशीच्या तशी.

"तात्या, गोळी कधी घेता?"

"तपासणी जवळ आली की सुरू करतो. रिपोर्ट चांगला आला पायजे की."

"आणि तपासणी झाल्यावर?"

तात्यांनी माझ्याकडे कीव केल्यासारखं बघितलं. "रिपोर्ट चांगला आल्यावर गोळी कशाला खायची, मॅडम?"

स्टुलावरून आवाज आला, "अडाणी लोक, दुसरं काय!"

*

मग एक मावशी. महिन्यातले निम्मे दिवस उपास आणि उपासाच्या दिवशी गोळी बंद. मी विचारलं, देवाने गोळीला मनाई केलीय का?

"तसं न्हाय. पाकिटावर तुमीच लिवलंय, जेवणानंतर. उपासाला जेवण नसतंय. मग जेवणानंतरची गोळी कुटनं घेऊ?"

"म्हणजे दिवसभर पोटात काहीच नाही?"

"शाबूची खिचडी असती. भगर, शेंगदाण्याची आमटी, राजगिऱ्याचा लाडू, केळी. ते काय जेवण हाय व्हय?"

एवढं खाऊन मी तर संध्याकाळपर्यंत झोपले असते.

*

टेंभुर्णीच्या एका आजोबांना काचबिंदूचे थेंब दिले होते, दोन्ही डोळ्यांत टाकायला. पिशवीतून बाटली निघाली ती सीलबंद.

"एक डोळा गेलाय, त्यात टाकून काय उपेग? आन् दुसरा चांगला हाय, त्याला औषध कशाला?"



*

अडाणी म्हणावं, तर शिकलेल्यांनी तरी कुठे दिवे लावलेत? एका प्राध्यापकांनी पिशवीऐवजी चक्क मसाल्याचा डबा आणला. घरातल्या सगळ्यांच्या गोळ्या पाकिटातून काढून एकेका वाटीत. म्हणे, जागा कमी लागते. पांढरी सरांची, पिवळी बायकोची, गुलाबी आईंची. पुढे कंपन्या बदलल्या आणि सगळ्याच गोळ्या पांढऱ्या यायला लागल्या.

"मग आता ओळखता कशा?"

"अंदाजाने. पण गोळ्या बरोबर तेवढ्याच संपतात."

"पण कुणाच्या पोटात जातात, सर?"

"घरातल्याच की कुणाच्यातरी."

इनामदार साहेब मनापासून हसले. "मॅडम, शिक्षण वेगळं आणि शिस्त वेगळी. आता आमचं बघा."

*

त्यांचं खरंच बघण्यासारखं होतं. वारांचे कप्पे असलेली डबी, प्रत्येक गोळी जागच्या जागी, एकही चुकवलेली नाही. गोळ्याही अस्सल. आता मीच चक्रावले.

"काकू, शुगरची गोळी कधी घेता?"

"जेवणाआधी अर्धा तास," साहेबांनी उत्तर दिलं.

"काकू, कधी विसरता का?"

"विसरेल कशी? मोबाइलमध्ये अलार्म लावलाय. मी पानावर बसायच्या अर्धा तास आधी माझ्या हाताने देतो. हिच्यावर सोडलं तर झालंच कल्याण."

माझं डोकं तापलं. साहेबांना हाताने थांबवलं आणि खुर्चीकडे वळले. "काकू, गोळी घेतल्यावर तुम्ही स्वतः कधी जेवता?"

काकूंनी आधी नवऱ्याकडे बघितलं. मग हळूच म्हणाल्या, "ह्यांना तव्यावरची गरम भाकरी लागते. मग मुलगा, सून, नातवंडं. सगळ्यांची जेवणं झाली, भांडी आवरली, ओटा पुसला, की बसते मी."

"आणि चक्कर कधी येते?"

"भाकरी थापतानाच की."

मी साहेबांना सरळ शब्दांत सांगितलं. ही गोळी शुगर उतरवते, मागून पोटात अन्न गेलं नाही तर उतरवतच जाते. काकूंची गोळी तुमच्या जेवणाआधी दिली जातेय, त्यांच्या नाही. पुढच्या खेपेला काकू पेटत्या गॅसवर पडतील.

साहेब काकूंकडे वळले. मला वाटलं, चला, एका तरी माणसाच्या डोक्यात उजेड पडला.

त्यांनी खिशातून मोबाइल काढला, चष्मा कपाळावर चढवला आणि अलार्म पुढे सरकवला.

"मिटला प्रश्न," ते म्हणाले. "उद्यापासून हिची भांडी झाली की गोळी."