टेकडीवरचे दोन जोसाया

हार्लो गावात युनिस पेटिंगिल यांना सगळे नुसतं ‘बाई’ म्हणत. गावात शाळा एकच, शाळेला खोली एकच, आणि त्या खोलीत छत्तीस वर्षं बाईही एकच. त्यामुळे न्यू हॅम्पशरच्या त्या कोपऱ्यातल्या निम्म्याअधिक माणसांचं अक्षर एकसारखं होतं. बाईंनी लग्न केलं नाही. थोरला भाऊ ऑल्डन आणि त्याची बायको रूथ यांच्या घरात मागच्या खोलीत त्या राहिल्या. रूथ गेल्यावर पुढच्या खोलीत आल्या, कारण ऑल्डनला चूल पेटवण्यापलीकडे स्वयंपाकातलं काही येत नव्हतं.

शाळेला सुट्टी लागली की त्या पूर्वजांच्या मागे लागत. दोनशे वर्षांपूर्वी एझ्रा पेटिंगिल आणि त्याची बायको थँकफुल बैलगाडी घेऊन या टेकडीवर आले, त्यांनी पहिलं घर बांधलं आणि गाव वसलं. त्या घराचा एकेक माणूस बाईंनी शोधून काढला होता. रानात मधेच दारापुढे लावायचं लायलॅकचं फुलझाड दिसलं की तिथं कधीकाळी कुणाचं तरी दार होतं, हे त्यांना कळे, आणि पाचोळा उकरला की तळघराचा खड्डा सापडेच. थडग्यांवरची झिजलेली अक्षरं वाचायला त्या हातआरसा घेऊन जात. दगडावर तिरका कवडसा पाडला की नुसत्या डोळ्यांना न दिसणारी अक्षरं उठून येतात. स्वयंपाकघराच्या भिंतीवर त्यांनी वंशवृक्ष लावला होता. वर एझ्रा आणि थँकफुल, खाली तीन मुली आणि एक मुलगा जोसाया, जोसायाच्या खाली सगळे पेटिंगिल, आणि अगदी तळाशी ऑल्डन आणि युनिस.

“झाड म्हणतेस आणि आम्हाला खाली लोंबकळत ठेवतेस,” ऑल्डन म्हणायचा. “झाडाची मुळं खाली असतात, युनिस. हे उलटं पेरलंय.”

“तू जेव,” बाई म्हणत.

युद्धानंतर शहरातल्या लोकांनी गावात उन्हाळ्यापुरती घरं घेतली. त्यांना टेकडीवरचं जुनं स्मशान फार आवडलं. एकदोघांनी तिथं जागा विकत मागितली, तेव्हा मार्चच्या गावसभेत ठराव झाला की टेकडीवर फक्त एझ्रा आणि थँकफुल यांच्या पोटच्या वंशातले लोक आणि त्यांचे नवरे-बायका. ठरावाचा मसुदा बाईंचाच. हक्क तपासायला तिघांची समिती नेमली. बाई, रस्त्यापलीकडच्या घरातली लिओरा विगिन आणि दुकानदार एमॉस टटल.

तीन वर्षांपूर्वी लिओराचा नवरा हार्लन वारला. आपली पणजी एझ्राची सर्वांत धाकटी मुलगी होती, असं तो जन्मभर सांगत आला होता. बाईंनी मनापासून शोध घेतला. मिळालं काहीच नाही.

“त्याच्या तोंडावर लिहिलं होतं सगळं,” लिओरा म्हणाली होती. “ते नाक पेटिंगिलांचंच.”

“नाक हा पुरावा नव्हे, लिओरा.”

“तुमच्याकडे तर तेही नाही,” लिओरा म्हणाली, आणि हार्लनला तिनं खालच्या नव्या स्मशानात, लोणी काढायच्या कारखान्यामागे नेऊन पुरलं. त्यानंतर दोघी बोलल्या नाहीत. हिवाळ्यात दोघी आपापल्या दारापुढचा बर्फ ओढत, तो बरोबर रस्त्याच्या मध्यापर्यंत. वीतभरही पुढे नाही.

एकोणीसशे अठ्ठावन्न सालच्या जानेवारीत ऑल्डन गेला. हार्लोत हिवाळ्यात माणूस गेला की त्याला थांबावं लागतं. जमीन लोखंडासारखी झालेली असते, कुदळ आत जात नाही. टेकडीच्या पायथ्याशी दगडी खोली आहे, तिथं शवपेट्या ठेवतात आणि जमीन मऊ होण्याची वाट बघतात. ऑल्डनची जागा ठरलेली होती, रूथच्या शेजारी. आजारपणात त्यानं दुसरं काही मागितलं नव्हतं. “मला तिच्या डाव्या हाताला ठेवा,” एवढंच म्हणाला होता, “उजव्या कानानं तिला कमी ऐकू यायचं.” एप्रिलचा शेवटचा शनिवार नक्की झाला.

शुक्रवारी सकाळी खणायचं काम करणारा वेंडेल चिखल तुडवत दारात आला. तोही बाईंच्याच शाळेतला.

“बाई, खड्डा झाला. पण वरच्या रांगेत एक दगड वर आलाय.”

दगड वर येणं तिथं नवलाचं नाही. गोठलेली जमीन फुगते आणि पोटातलं काहीबाही वर ढकलते. दर वसंतात शेतांमधून नवे दगड निघतात, जणू रात्रीतून उगवले. पण वेंडेल ज्याबद्दल बोलत होता, तो पाटीचा काळा दगड होता, घडवलेला. थँकफुलचं थडगं आणि जोसायाचं थडगं यांच्यामध्ये थोडी मोकळी जागा होती. ती कुणासाठी सोडली असेल, याचा बाईंनी कधी विचार केला नव्हता. तिथून दगडाचा गोल कोपरा वर आला होता.

वेंडेलनं तो मोकळा केला. लहानसाच होता, मुलाच्या थडग्याचा. बाईंनी पाण्यानं धुतला, आरशानं कवडसा पाडला. जोसाया, एझ्रा व थँकफुल यांचा मुलगा. मृत्यू नोव्हेंबर सतराशे पंचाहत्तर, वय सात.

“दुसरा जोसाया?” वेंडेल म्हणाला.

“पहिला,” बाई म्हणाल्या. “तेव्हा तशी रीतच होती. मूल गेलं की पुढच्या मुलाला तेच नाव द्यायचे. असे शेकडो पाहिलेत मी.”

“गेलेल्याचं नाव? मला नसतं आवडलं.”

“तुला विचारलं नसतं.”

वेंडेल हसून फावडं घ्यायला गेला. बाई टेकडी उतरू लागल्या आणि अर्ध्या वाटेवर थांबल्या. ज्या जोसायापासून त्यांचं सगळं घराणं आलं, त्याच्या थडग्यावरचे आकडे त्यांना पाठ होते. मृत्यू अठराशे एक्केचाळीस, वय बहात्तर. म्हणजे जन्म एकोणसत्तरचा. हा लहान जोसाया पंचाहत्तरच्या हिवाळ्यात गेला, तोवर तो मोठा जोसायाही जगात होता, सहा वर्षांचा. एक मुलगा जिवंत असताना त्याच घरात दुसऱ्याला तेच नाव कोण देईल? तो सहा वर्षांचा मुलगा त्या घरात जन्मलेला नव्हता. त्या काळी आईबाप नसलेलं पोर गाव कुठल्या तरी घरात नेऊन सोडत असे. एझ्रा आणि थँकफुलचा मुलगा गेला, आणि त्याच्या रिकाम्या अंथरुणात, त्याच्याच नावासकट, कुणाचं तरी पोर आलं.

त्या परत वर गेल्या आणि आकडे पुन्हा वाचले. एकदा बोटानंही चाचपले.

दुपारी त्या स्वयंपाकघरात भिंतीवरच्या झाडासमोर बसून राहिल्या. थडगी वाचणारं गावात दुसरं कुणी नव्हतं. वेंडेलला सांगून दगड पुन्हा आडवा केला असता, तर जूनपर्यंत गवतानं झाकला असता. ऑल्डन रूथच्या डाव्या हाताला झोपला असता. पोटच्या वंशातले, हे शब्द बाईंनीच घातले होते, आणि तेव्हा ते त्यांना फार नेमके वाटले होते. सांगितलं, तर ऑल्डनला कारखान्यामागे न्यावं लागणार, आणि रूथ टेकडीवर एकटी. शिवाय भिंतीवरचं ते सगळं झाड वरून दुसऱ्या फांदीपाशी तुटत होतं. आपण कुणाचे, या प्रश्नाचं उत्तर त्यांना विशीपासून माहीत होतं, आणि आता ते माहीत नव्हतं. त्या सहा वर्षांच्या मुलाला आधी काय हाक मारत असतील, हे त्यांच्या मनात आलं, आणि मग मनातून जाईना. सहा वर्षांच्या मुलाला आपलं नाव पक्कं ठाऊक असतं. पहिलीत येणारं पोर दुसरं काही नाही तर तेवढं तरी ठणकावून सांगतं.

त्यांनी कोट चढवला आणि रस्ता ओलांडला.

लिओरा टेबलाशी घेवडा निवडत होती. शनिवारी घरोघर घेवडा शिजतो, तो शुक्रवारी भिजत घालतात.

“दार उघडंच आहे,” ती वर न बघता म्हणाली. “पाय पुस. चिखल आणू नकोस.”

बाईंनी पाय पुसले. समोरच्या खुर्चीत बसल्या. लिओरानं परातीतला निम्मा घेवडा त्यांच्याकडे सारला, म्हणून त्याही निवडू लागल्या. निवडता निवडता सगळं सांगितलं. आकड्यांशी लिओराचा हात थांबला.

“पुन्हा सांग.”

बाईंनी पुन्हा सांगितलं.

“म्हणजे तू पेटिंगिल नाहीस.”

“पोटची नाही.”

“नाकावरून मला वाटतच होतं,” लिओरा म्हणाली, पण त्यात जोर नव्हता. तिनं एक खडा शोधून खिडकीत ठेवला. “वेंडेलला कळलंय?”

“नाही.”

“मग माझ्याकडे कशाला आलीस? गप्प बसायचंस. उद्या दुपारी माती पडली असती, संपलं असतं.”

“हार्लनच्या वेळी मी पुरावा मागितला होता.”

“मागितला होतास. मला चांगलं आठवतंय.”

“मग ऑल्डनच्या वेळी कसा नको?”

लिओरा उठली. चुलीवरची किटली उतरवून तिनं दोन कप भरले. एक बाईंपुढे ठेवला, जरा आदळूनच.

“तीन वर्षं मला वाटायचं, ही आपल्या घराण्याचं दार धरून उभी आहे,” ती म्हणाली. “आता कळतंय की तू खरोखरच तशी आहेस. सगळ्यांशीच. यानं मला बरं वाटायला हवं की नको, ते अजून ठरत नाही.”

“तू ठरवशील तसं. एमॉस फ्लोरिडात आहे, लेकीकडे. समिती म्हणजे आपण दोघीच.”

“एक सांग. तो तुमचा जोसाया कुठं पुरलाय? त्या लहानग्याच्या शेजारी?”

“अगदी लागून. अख्खी टेकडी मोकळी होती तेव्हा.”

“मग ती जागा त्यानं स्वतःच मागितली असणार. बहात्तर वर्षांचा म्हातारा. बायको होती ना त्याची?”

“पलीकडच्या बाजूला.”

“म्हणजे एका अंगाला बायको आणि एका अंगाला तो पोरगा.” लिओरानं घेवडा पातेल्यात लोटला आणि वरून पाणी ओतलं. “जन्मभर त्याचं नाव वापरलं, त्याचा वाडगा वापरला. शेवटी जाऊन त्याच्यापाशी निजला. त्याला कुणी उठवलं नाही, आणि आता आपण त्याच्या खापरपणतवाला खाली ठेवायचं? ठराव मांड.”

“इथं?”

“मग कुठं? मी अध्यक्ष. मांड.”

बाईंनी घसा साफ केला. वंश पोटचा नाही हे समितीला कळवून, ऑल्डन पेटिंगिल याला टेकडीवर बायकोशेजारी पुरण्याची परवानगी मिळावी, असं गावसभेत म्हणतात तसं म्हणाल्या.

“अनुकूल?” लिओरानं विचारलं आणि स्वतःचाच हात वर केला.

बाईंचे हात टेबलावरच राहिले. भावाच्या बाबतीत मत द्यायचं नसतं.

“प्रतिकूल कुणी नाही. एक विरुद्ध शून्य, मंजूर,” लिओरा म्हणाली.

“आणि हार्लन? शब्द बदलायचेच असले, तर त्यालाही वर—”

“हार्लनला हलवायचं नाही. तिथं त्याचं बरं चाललंय, जन्मभर त्याच कारखान्यात काम केलंय त्यानं. मीही तिथंच जाणार. तुमच्या टेकडीवर वारा फार.” मग पातेल्यावर झाकण ठेवत ती म्हणाली, “पण त्याची पणजी कोण होती, ते बघ पुन्हा एकदा. आता तुला जरा वेगळं दिसेल.”

शनिवारी ऑल्डनला रूथच्या डाव्या हाताला ठेवलं. माती टाकून लोक उतरल्यावर बाई मागे राहिल्या. त्यांनी वेंडेलकडून लहान दगड त्याच्या जागी उभा करून घेतला आणि बुडाशी खडी ठोकून घेतली, म्हणजे पुन्हा खचणार नाही.

घरी आल्यावर त्यांनी भिंतीवरचा कागद उतरवला. एझ्रा आणि थँकफुल यांच्याखाली पाचवी रेघ ओढली आणि तिच्या टोकाला लिहिलं, जोसाया, वय सात. शेजारच्या जोसायाची रेघ खोडली नाही. तिच्यावर फक्त, शाळेच्या वळणदार अक्षरात त्याचं आधीचं नाव मावेल एवढी, एक रिकामी चौकट आखली. मग कागद पुन्हा टांगला आणि रिकामं पातेलं परत द्यायला रस्ता ओलांडला, कारण लिओरानं दुपारी घेवडा पाठवला होता, आणि बाईंना दुसऱ्याचं भांडं रात्रभर घरात ठेवायची सवय नव्हती.