चिमटीत धरून निवडलेलं जाकीट

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही: त्या बाईंच्या अंगात जाकीट होतं. नव्हतं, असं मी लिहून दिलं.

रस्त्याच्या ठेकेदाराकडे मी सुपरवायझर. अक्कलकोट रोडवर खड्डे बुजवणाऱ्यांसाठी चमकती जाकिटं घ्यायची ठरली, तेव्हा ऑफिसात आम्ही तीन शहाणे बसलो. सोलापूरचे आम्ही, चादरी-टॉवेलांत वाढलेले. कापड दिसलं की डोळे मिटतात, बोटं चालतात. विक्रेत्याचं जाळीदार जाकीट मी चिमटीत चोळून फेकलं. "ही कांद्याची गोण कोण घालणार?"

तो बिचारा म्हणाला, "साहेब, ट्यूब बंद करा. टॉर्च मारून पट्टी कशी चमकते ते दाखवतो."

"जाकीट घ्यायचंय, सिनेमा नाही बघायचा," मी म्हणालो. सगळे हसले.

मग गावातच शिवून घेतली. जाड सुती कापड, पक्का नारिंगी रंग, वर राखाडी पट्टी. धागा ओढून पाहिला, धुऊन पाहिला. अंधारात धरून पाहायची अक्कल तिघांत मिळून नव्हती.

ती होती रस्त्यावर झेंडा दाखवून गाड्या थांबवणाऱ्या पन्नाशीच्या बाईंकडे. पहिल्याच दिवशी म्हणाल्या, "कापड लई झ्याक हाय, साहेब. पन पट्टी चमकत न्हाय की. दिस मावळल्यावर आमी दिसनार व्हय कुनाला?"

"मावशी, रस्त्यावर उभं राहायचंय, वरातीत नाही."

त्या हसल्या. साहेबाच्या विनोदाला हसावंच लागतं.

महिन्याभरात, दिवेलागणीला, कारखान्यातून सुटलेला एक मोटरसायकलवाला त्यांच्यावर आदळला. "बाई दिसल्याच नाहीत," एवढंच तो म्हणत राहिला. बाईंचा पाय मोडला तो मोडलाच. आता काठी आहे.

दवाखान्यात त्यांचे कपडे माझ्या हातात दिले. जाकीट मी गुपचूप डिकीत टाकलं आणि अहवालात लिहिलं, 'सदर महिलेने जाकीट परिधान केले नव्हते.' अशा वेळी माझी भाषा फार शुद्ध होते. बाई शुद्धीवर आल्या तेव्हा म्हणाल्या, "घातलं हुतं की." कागदापुढे त्यांचं कोण ऐकणार? पोटचा पोरगाही त्यांनाच निष्काळजी म्हणतो.

जाकीट घरी मीच धुतलं. रक्त निघालं, रंग गेला नाही. माझी पारख अगदी खरी ठरली. ते कपाटात आहे.

त्यांनी जाकीट घातलं होतं आणि ते मी निवडलं होतं, हे माझ्या सहीनं लिहून त्यांच्या मुलाच्या हातात द्यायचं अजून बाकी आहे.