शेठची मान

सरडेमामांनी बावीस वर्षं प्राणिसंग्रहालयात सरपटणाऱ्यांच्या घरात नोकरी केली, पण कुणाचा हेवा केला नाही. हत्तीच्या माहुताला बक्षिसी मिळे, वाघ सांभाळणाऱ्याचे फोटो निघत. मामांना त्याचं काही नव्हतं. पाली-घोरपडींची घाण काढणाऱ्याकडे बघतंय कोण? बायकोसुद्धा ते घरी आले की आधी हात धुवायला लावी, मग बोले.

मग शेठ आला. शेठ म्हणजे इग्वाना, पाला खाणारा मोठा परदेशी सरडा. आला तेव्हा वीतभर होता, तीन वर्षांत शेपटीसकट मामांच्या छातीला लागेल एवढा झाला. दिवसभर दिव्याखाली उबेला पडायचं आणि आयतं खायचं, म्हणून शेठ. मामा सकाळी आधी त्याचा दिवा लावत, कारण अंग तापल्याशिवाय त्याला पाला पचत नसे. त्याच्या टाळूवर एक फिकट ठिपका होता, तो त्याचा तिसरा डोळा. त्याला चित्र दिसत नाही, पण वरून सावली पडली की कळतं, आणि वरून येणारी ती घारच, असा शेठचा हिशेब. म्हणून मामा खाली बसून बाजूने हात पुढे करत. शेठ हातावरून खांद्यावर चढे आणि डोळे मिटून पडून राही. त्या वेळी मामांना स्वर्ग दोन बोटं उरे.

चौथ्या वर्षी शिकलेल्या बाई कामाला आल्या. हातात वही, तोंडात गोड बोलणं. त्या दारात उभ्या राहिल्या की शेठ ताठ होई, गळ्याखालची कातडी पसरी आणि मान वरखाली हलवी. मामांच्या पोटात दुखू लागलं. कुंपणावरचा सरडा मादीपुढे अशीच मान हलवतो, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलं होतं. तीन वर्षं खांद्यावर वागवलं आपण, आणि हा भाळला हिच्यावर. मामांना बाईंचा इतका राग येई, की त्यांनी आणलेला चहाही कडू लागे.

"अहो, सरड्यावरून काय तोंड पाडून बसलात?" बायको म्हणाली.

"माझ्यासमोर एकदाही हलवली नाही त्याने मान."

"तुम्ही तरी माझ्यासमोर कधी हलवलीत?"

मामांनी ताट पुढे ओढलं.

त्यातच साहेबांनी जाहीर केलं, की शेठ नव्या काचघरात जाणार आणि सोबत एकच माणूस जाणार. दुसऱ्याने कासवांकडे जायचं. "तो कुणाकडे रमतो ते गुरुवारी येऊन बघतो," साहेब म्हणाले. मामांची झोपच उडाली. तीन दिवस त्यांनी न्हाणीघरातल्या आरशासमोर मान हलवायचा सराव केला.

गुरुवारी साहेब आले, बाई आल्या. मामा रोजच्यासारखे खाली बसले नाहीत. ते शेठसमोर उभे राहिले, गळा फुगवला आणि मान वरखाली केली. शेठने डोळे उघडले, अंग चपटं केलं आणि जोरजोरात मान हलवली. मामांचा आनंद गगनात मावेना. त्यांनी बाईंकडे एक नजर टाकली आणि हात पुढे केला. शेपटीचा फटका मनगटावर बसला, आणि पाठोपाठ अंगठा शेठच्या जबड्यात गेला.

बाईंनी टॉवेल टाकून अंगठा सोडवला. साहेब म्हणाले, "मामा, तुम्ही कासवं बघा," आणि निघून गेले.

पट्टी बांधताना बाईंनी विचारलं, "मामा, त्याच्यापुढे मान का हलवलीत?"

"तुमच्यासमोर तो हलवतो म्हणून."

"तो मला दम देत होता हो. माजावर आलेला नर परक्याला तसं सांगतो, ही जागा माझी आहे. त्याच्या धाकाने दोन महिने मी दाराच्या आत पाऊल टाकलं नाही. मला हे काम नको, मामांनाच द्या, हेच आज साहेबांना सांगणार होते."

मामांनी पट्टीची गाठ चाचपली. मग म्हणाले, "मला का नाही कधी दम दिला त्याने?"

"तुम्हाला तो परका समजत नव्हता."

मामा उठून शेठपाशी गेले. खाली बसले आणि पट्टी बांधलेला हात हळूच बाजूने पुढे केला. शेठने गळा पसरला आणि मान हलवली. मामांनी हात मागे घेतला.